हरिपाठाचे दोन वॅट

सप्त्यात कीर्तनाला उभे राहणारे महाराज माईकच्या दांडीला हात लावण्याआधी उपरण्याचं टोक तिच्याभोवती गुंडाळतात. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्याचं कारणही कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : ‘थोडासा करंट येते.’ मागच्या सप्त्यात टाळकऱ्यांतलं एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं हातपाय धुऊन ओल्या पायांनी आलं, माईक खाली करायला म्हणून त्यानं दांडी धरली आणि किंचाळून मागे पडलं. लागलं काही नाही. दोन मिनिटांत ते पुन्हा टाळ घेऊन उभं राहिलं, कीर्तनही पुढं सुरू झालं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी भजनी मंडळाचा जुना अँप्लिफायर उघडला आणि त्यातूनच हा सगळा उद्योग सुरू झाला.

शिरपूर जैन हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं आमचं गाव. देशभरातले जैन यात्रेकरू इथे येतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथांसाठी. काळ्या पाषाणाची ती अर्धपद्मासनातली मूर्ती जमिनीला न टेकता अधर आहे, अशी शतकानुशतकांची श्रद्धा आहे आणि तीर्थाचं नावही त्यावरूनच पडलं. महाशिवरात्रीला जानगीर महाराजांच्या संस्थानात यात्रा भरते. एरवी गाव सोयाबीन-तुरीचं आणि भजनाचं. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा, रोज संध्याकाळी हरिपाठ, वर्षातून एकदा सप्ता. यातल्या प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा असतो. त्याच्यावर कुणाचं लक्ष जातं ते तो घूं करायला लागला किंवा बंद पडला म्हणजेच.

आमच्या डब्याला दोन पिनांचा प्लग होता. तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन कुणीतरी केव्हातरी सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून काढून टाकली होती. आतला ट्रान्सफॉर्मर जुना, त्याचं कागदी इन्सुलेशन करपलेलं, दमट दिवसांत त्यातून पत्र्यावर वीज झिरपणार हे उघड दिसत होतं. पत्र्यावर आलेली वीज शील्डच्या तारेतून माईकच्या दांडीपर्यंत जाते. मी टेस्टर दांडीला लावला तर तो पेटला. मल्टीमीटरनं दांडी आणि ओल्या जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामधला दाब मोजला : ११२ व्होल्ट. झिरपणारा प्रवाह अगदी थोडा असल्यामुळेच आजवर नुसत्या झिणझिण्यांवर निभावलं. इन्सुलेशन पूर्ण फुटलं असतं, तर तीच दांडी थेट फेजला जोडली गेली असती.

डबा दुरुस्त करण्यासारखा राहिला नव्हता. विकतचा घ्यावा की घरी करावा, यावर मंडळात बोलणं झालं. किटचे बोर्ड आणून मी करतो, म्हणालो. पहिला प्रश्न अपेक्षितच होता.

‘किती वॅटचा करून रायला भाऊ?’

‘झाल्यावर मोजून सांगतो, काका.’

‘मोजाले काय लागते? डब्यावर लिवेल रायते ना!’

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. डब्यावर लिहिलेलं असतंच, आणि लिहिलेलंच सगळे खरं धरतात. बाजारात सगळ्यात जास्त खपणारा किट-बोर्ड म्हणजे ४४४० चा. मूळ आयसी जपानच्या सान्यो कंपनीचा, एलए ४४४०, मोटारीतल्या टेपसाठी केलेला. कंपनीनं स्वतःच्या माहितीपत्रकात त्याची ताकद सांगितली आहे ती दोन बाजूंना ६-६ वॅट, किंवा दोन्ही बाजू एकत्र जोडून १९ वॅट. त्याच आयसीच्या बोर्डावर आणि खोक्यावर मात्र १०० किंवा २०० वॅट छापलेलं मी पाहिलं आहे. हे होऊच शकत नाही, आणि ते समजायला पाचवी-सहावीचं गणित पुरतं. १२ व्होल्टची बॅटरी आणि ४ ओमचा स्पीकर घ्या. दोन्ही बाजू जोडल्या, एका थेंबाचाही नाश होत नाही असं धरलं, तरी लहरीचा माथा १२ व्होल्टच्या वर जाणार नाही. १२ चा वर्ग १४४, त्याला चाराच्या दुपटीनं म्हणजे आठानं भागा : १८ वॅट. बॅटरी चार्जिंगला असली, दाब साडेतेरापर्यंत गेला, तर बावीस-तेवीस. यापुढचा प्रत्येक वॅट शाईचा.

ही शाई गावोगावच्या मंडळांच्या वर्गणीतून विकत घेतली जाते, म्हणून मला तिचा राग आहे. ज्या पोरांनी रुपया-रुपया जमवून ‘पाचशे वॅट’ आणले, त्यांना आवाज फाटायला लागला की वाटतं आपलंच काही चुकलं, आणि ती आणखी मोठा आकडा छापलेला डबा आणतात.

सुटे भाग विकायचे आणि घेणाऱ्यानं घरी जोडायचे, ही रीत जुनी आहे. अमेरिकेत हीथकिट कंपनीनं १९४७ मध्ये महायुद्धातल्या उरलेल्या भागांचा ऑसिलोस्कोप खोक्यात घालून विकला आणि पुढची कित्येक दशकं घरोघरी अँप्लिफायर जोडले गेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यमसन नावाच्या अभियंत्यानं व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची आखणी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापली, आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती जशीच्या तशी बांधली. आपल्याकडे दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकानं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडनं, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गानं, हे काम केलं. पुण्यात तपकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी. एसएल १०० आणि २एन ३०५५ हे ट्रान्झिस्टर ज्यांनी मोजून पैसे देऊन विकत घेतले आणि पहिल्याच रात्री जाळले, ती पिढी आता साठीच्या पुढे आहे.

खेड्यात आवाज मोठा करण्याचा इतिहास त्याहून मागचा. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्करला सुरू केलेला व्यवसाय कराचीमार्गे मुंबईत आला आणि त्यातून ‘शिकागो रेडिओ’ हे नाव देशभर पोचलं. त्यांचे पुत्र नानिक मोटवाने स्वातंत्र्यलढ्याच्या सभांना कर्णे घेऊन जात. गांधीजींचा मुळातला हळू आवाज हजारोंच्या गर्दीत शेवटच्या माणसापर्यंत पोचला, त्यात या कर्ण्यांचा वाटा आहे. त्याच मोटवाने घराण्याचं नाव पुढे नाशिकमध्ये बनणाऱ्या मल्टीमीटरवर आलं. एकाच घरानं आवाज मोठा करण्याचं यंत्रही दिलं आणि तो मोजण्याचंही, ही गोष्ट मला फार आवडते.

आमच्या डब्यासाठी मी निवडला तो टीडीए ७२९४ आयसीचा बोर्ड, दोन नग. पंधरा पायांचा हा आयसी एसजीएस-थॉमसनचा, म्हणजे आताच्या एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा. त्याच्यावर सर्रास ‘१०० वॅट’ म्हणून सांगतात. कंपनीचं पत्रक नीट वाचलं तर कळतं की ते १०० वॅट म्हणजे १० टक्के विकृतीसह, अधिक-उणे ३८ व्होल्टवर, क्षणभराचे. अर्धा टक्का विकृतीत आणि सतत चालवायचा असेल, तर अधिक-उणे ३५ व्होल्टला ८ ओमवर ७० वॅट. म्हणजे खरं सांगणारा कागद उपलब्ध आहे, फक्त तो डब्यावर छापत नाहीत.

बोर्ड आले. एक सूचना इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी डोळ्यांवर बेतू नये म्हणून. बोर्डावरच्या कपॅसिटरांवर ३५ व्होल्ट लिहिलं होतं. माझा ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्टचा, ५ अँपिअरचा. २४ ला १.४१ नं गुणलं की ३४ होतात, डायोडमध्ये थोडे जातात. पण ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पूर्ण भारावर असतानाचा असतो, रिकामा असताना दाब वाढतो. सकाळी लाइनला २३६ व्होल्ट असताना माझ्याकडे अधिक-उणे ३५ भरले. म्हणजे कपॅसिटर अगदी काठावर. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दाब सोसेनासा झाला की फुगतो आणि फटाक्यासारखा फुटतो. मी चारही काढून ५० व्होल्टचे बसवले. अकोल्याहून ते आणायला एक दिवस मोडला, तो सत्कारणी लागला.

वीजपुरवठा हा अँप्लिफायरचा अर्ध्याहून जास्त भाग. खर्चात, वजनात, आणि माझ्या मते आवाजातही. २५ अँपिअरचा ब्रिज, १०,००० मायक्रोफॅरडचे ६३ व्होल्टवाले दोन कपॅसिटर, त्यांच्यावर बंद केल्यावर साठा रिता व्हावा म्हणून एकेक रेझिस्टर. मेनला फ्यूज. तीन पिनांची जाड वायर आणि तिची हिरवी तार डब्याच्या पत्र्याला रंग खरवडून, दातेरी वायसर घालून, नटानं घट्ट. ही एक जोडणी मी सगळ्यात आधी केली आणि तीनदा तपासली.

हरिपाठ होतो त्या देवळातल्या सॉकेटची अर्थिंग तपासली, तर तिला खाली काही जोडलेलंच नव्हतं. तार भिंतीत जाऊन संपत होती. मंडळाच्या पोरांनी मागच्या बाजूला खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा-मिठाचे थर दिले, पाणी सोडलं. नंतर फेज आणि अर्थ यांच्यात भार लावून पाहिला, दाब पडला नाही तेव्हा खात्री पटली. देवळाच्या विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला. आमच्या सगळ्या कामात पोराबाळांच्या जिवाशी थेट संबंध असलेलं काम हेच. अँप्लिफायर कुठलाही आणा, पण हे आधी करा.

आता जोडणी. हीटसिंकला आयसी कसायचा असतो. टीडीए ७२९४ च्या पाठीवरची धातूची पट्टी आतून उणे बाजूच्या व्होल्टला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर उणे ३५ व्होल्ट. हीटसिंक डब्याला, डबा अर्थला. म्हणून आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये मायक्याचा पातळ पापुद्रा आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश घालायचं. उष्णता पार व्हावी, वीज होऊ नये. दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट. आयसी हीटसिंकवर घट्ट बसलेला दिसतो, पण कुठेही टेकलेला नसतो. अंतरिक्ष या शब्दाच्या गावात वाढलेल्या माणसाला ते अधर राहणं समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डावरून. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तो लाकडी बोर्ड असतोच : एक होल्डर, एक सॉकेट, एकापुढे एक जोडलेले. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी बांधणाऱ्या काकांकडून मी तो मागून आणला. त्यांचा नियम एका ओळीचा : ‘पयले बल्ब पाहाचा, मंग मोटर.’ अडचण आली ती बल्बची. तारेचा पिवळा बल्ब आता सहज मिळत नाही. एलईडीला तारेसारखा प्रवाह अडवून धरता येत नाही, त्यामुळे तो इथे निरुपयोगी. शेवटी एका घरी पिल्लांना ऊब द्यायच्या खोक्यातला ६० वॅटचा बल्ब मिळाला.

प्लग लावला. बल्ब क्षणभर झळकून मंद व्हायला हवा होता, कारण रिकामे कपॅसिटर भरताना प्रवाह ओढतात आणि भरले की थांबतात. तो झळकला आणि झळकतच राहिला. मी वायर ओढली. सिरीज बोर्ड नसता, तर त्या दोन सेकंदांत फ्यूज गेला असता किंवा, नशीब वाईट असतं तर, ब्रिज, आयसी आणि बोर्डावरचा तांब्याचा पट्टा. इथे फक्त एक बल्ब पेटला.

मल्टीमीटर बीपवर ठेवून शोध घेतला. दुसऱ्या बोर्डाच्या आयसीची पाठ आणि हीटसिंक यांच्यात बीप वाजला. आयसी सोडवला. हीटसिंकला पाडलेल्या भोकाच्या काठावर अॅल्युमिनियमची केसाएवढी कोर राहिली होती आणि तिनं मायका टोचला होता. चूक माझी, भोक पाडल्यावर मी बोट फिरवून पाहिलं नव्हतं. मोठं ड्रिल हातानं फिरवून काठ साफ केला, बारीक पॉलिश पेपर मारला, नवा मायका. पुन्हा प्लग. बल्ब झळकला आणि मावळला. तो मावळताना पाहणं हा या छंदातला सगळ्यात सुखाचा क्षण आहे, असं मी अनुभवानं म्हणतो.

स्पीकर अजून लावायचा नाही. आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचा. आवाज नसताना तिथे शून्याजवळ काहीतरी हवं. माझ्याकडे एका बाजूला १४ मिलिव्होल्ट, दुसरीला २१. पन्नासपर्यंत चालतं. इथे कुठे ३० व्होल्ट निघाले, तर आयसी फुटलेला आहे आणि स्पीकर लावताच त्याची कॉइल जळेल. त्यानंतर एक रेडिओ मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावून डब्याजवळ धरला. कानाला न ऐकू येणाऱ्या उंच कंपनात अँप्लिफायर स्वतःच गुरगुरत असेल, तर रेडिओत खरखर वाढते. वाढली नाही. ऑसिलोस्कोप नसलेल्यानं एवढं तरी करावं.

आता वॅट मोजायचे, म्हणजे ८ ओमचा असा भार हवा जो ५० वॅट खाईल आणि ओरडणार नाही. तसले रेझिस्टर महाग. मी हार्डवेअरच्या दुकानातून विजेच्या शेगडीची २००० वॅटची कॉइल आणली. २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे साडेसव्वीस ओम. ती मल्टीमीटरनं मोजत मोजत तिसऱ्या हिश्शाच्या थोडं अलीकडे कापली. ८.१ ओम भरले. नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, आणि सहाशेच्या आसपास वॅट सोसणाऱ्या तुकड्याला पन्नास वॅट म्हणजे नुसती ऊब. कौलाच्या तुकड्यावर ताणून बसवली की झाला भार.

मोबाइलवरच्या अॅपमधून १०० हर्ट्‌झचा शुद्ध सूर दिला. साधे मल्टीमीटर एसी व्होल्ट मोजतात ते ५० हर्ट्‌झच्या आसपास बरोबर, हजार हर्ट्‌झला त्यांच्यावर विसंबू नये. सूर फाटतो कुठे, हे ऐकायला कॉइलवर समांतर एक छोटा स्पीकर, त्याच्या आधी ४७० ओमचा रेझिस्टर. हळूहळू व्हॉल्यूम वाढवला. छोट्या स्पीकरमधून बासरीसारखा गोल आवाज येत होता, एका जागी त्यात कंगोरे आले, चरचर झाली. तिथून किंचित मागे आलो आणि मीटर वाचला : १९.९ व्होल्ट. वर्ग करून ८.१ नं भागलं. ४९ वॅट. दुसरी बाजूही ४९.

हा आकडा सकाळी अकराचा. संध्याकाळी सात वाजता गावातले सगळे पंखे, टीव्ही, गिरण्या सुरू असताना लाइनला १९८ व्होल्ट होते. तीच मांडणी, तोच सूर. आता कंगोरे आले ते १६.४ व्होल्टलाच. म्हणजे ३३ वॅट. यंत्र तेच, बोर्ड तोच, तिसरा हिस्सा ताकद लाइनमध्येच राहिली. आपल्याकडचा सप्ता आणि कीर्तन दिवेलागणीनंतर असतं. मग खेड्यातल्या अँप्लिफायरचा खरा आकडा संध्याकाळचाच धरायला हवा, आणि तो कुठल्याच डब्यावर नसतो.

आता धीर देणारी गोष्ट. ४९ आणि ३३ वॅट यांतला फरक कानाला जेमतेम कळतो, पावणेदोन डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पन्नासाचे शंभर केले तर तीनच डेसिबल वाढतात. याउलट स्पीकर कुठला, याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एक वॅट दिला असता एक मीटरवर घरगुती पेटी ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देते, देवळावरचा कर्णा शंभराच्या वर. म्हणून दहा वॅटचा कर्णा शंभर वॅटच्या पेटीला मागे टाकतो. पैसे घालायचेच तर स्पीकरमध्ये घाला.

उष्णतेची परीक्षा राहिली होती. लोकांना वाटतं फुल आवाजात अँप्लिफायर सगळ्यात जास्त तापतो. या जातीचा अँप्लिफायर सगळ्यात जास्त तापतो तो मधल्या आवाजात, पूर्ण ताकदीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, जेव्हा स्पीकरला न दिलेली बरीचशी वीज आयसीतच उरते. तिथे प्रत्येक आयसीला पंचवीसेक वॅटची धग बाहेर टाकावी लागते. मी तेवढ्यावर ठेवून अर्धा तास चालवलं. हीटसिंकवर तळहात पाच सेकंद टिकत होता. डब्याच्या वर आणि खाली आणखी भोकं पाडली, आणि वर उपरणं, पिशवी ठेवायची नाही अशी ताकीद रंगानं लिहिली.

देवळात नेल्यावर घूं सुरू झाला. ‘हे काहून गुणगुण करते?’ म्हणून चारजण गोळा झाले. कारण ठरलेलं होतं : इनपुटची शील्ड दोन ठिकाणी डब्याला टेकली होती, आणि त्या वळशात ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्‌झची भुणभुण शिरत होती. सगळ्या जमिनी, म्हणजे स्पीकरची, बोर्डाची, इनपुटची, एकाच बिंदूवर मोठ्या कपॅसिटरांच्या मध्ये आणल्या. शील्ड एकाच टोकाला जोडली. ट्रान्सफॉर्मर पाव वळण फिरवून घट्ट केला. घूं गेला. अर्थिंगची तार मात्र काढली नाही. पुष्कळ ठिकाणी घूं घालवण्यासाठी तीच तोडतात, आणि महाराजांच्या हातात उपरणं येतं ते तिथूनच.

सूर लावायला मी एक जुनं ध्वनिमुद्रण वापरलं. गाडगेबाबांनी देह ठेवण्याच्या थोडं आधी, १९५६ साली, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात केलेलं कीर्तन मुद्रित झालं आहे. त्यात खर्ज नाही, झगमगाट नाही. आहे तो वऱ्हाडी बोलीतला थेट प्रश्न आणि लोकांनी मोठ्यानं दिलेलं उत्तर. बाबांचा प्रत्येक शब्द शेवटच्या खांबाजवळ बसलेल्या आजीला कळला, तर यंत्र जमलं. पहिल्यांदा नाही कळला. खालचे सूर जास्त होते आणि दगडी मंडपात ते घुमत राहून क, त, स, प यांना गिळत होते. बोलण्यातला अर्थ व्यंजनांत असतो आणि ती दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपास असतात. मी बोर्डावरचा इनपुटचा ०.५६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१ चा बसवला. सत्तर हर्ट्‌झच्या खालचं उतरलं. पेट्या उंच टांगलेल्या होत्या, त्या बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या थोडं वर आणल्या. आजी म्हणाल्या, ‘आता बाबा बोलून रायले.’

वेळेचं एक पथ्य मंडळानं आपणहून ठरवलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमचा मंडप तिन्ही बाजूंनी उघडा. म्हणून पहाटेचा काकडा यंत्राशिवाय, गळ्यावर. कीर्तन दहाच्या आत. दहावीची पोरं आणि घरातली आजारी माणसं गावाचीच आहेत.

हरिपाठाच्या पहिल्या संध्याकाळी मी स्पीकरवर मल्टीमीटर लावून बसलो होतो. वीसेक माणसं, टाळ, मृदंग, दोन माईक. आकडा तीन ते चार व्होल्टमध्ये हलत राहिला. चारचा वर्ग सोळा, भागिले आठ. दोन वॅट. मृदंगाच्या थापेला क्षणभर दहापट लागत असेल, तरी ते वीस झाले, आणि संध्याकाळचे तेहतीस त्याला पुरून उरतात. ज्या कामासाठी गावोगावची मंडळं ‘पाचशे वॅट’ विकत घेतात, ते काम सरासरी दोन वॅटमध्ये होत होतं, आणि शब्द शेवटपर्यंत जात होते.

डब्याच्या मागे मी पांढऱ्या रंगानं लिहिलं आहे : ‘८ ओम. सकाळी ४९ वॅट, संध्याकाळी ३३ वॅट. प्रत्येक बाजूला. मोजलेले.’ खाली तारीख. वॅट विचारणाऱ्या काकांनी ते वाचलं आणि विचारलं, एवढे कमी काहून? मी त्यांना मीटर दाखवला, शेगडीची कॉइल दाखवली, गणित करून दाखवलं. त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

सप्त्याच्या आदल्या दिवशी माईकची दांडी आणि अर्थ यांच्यामधला दाब पुन्हा मोजला. शून्य. टेस्टर पेटला नाही.

तुमच्या गावच्या मंडळात आज संध्याकाळी यंत्र सुरू असेल, तर एक काम करा. सुकी चप्पल घालून माईकच्या दांडीला टेस्टर लावा. तो पेटला, तर यंत्र बंद करा, प्लगच्या तीन पिना मोजा आणि सॉकेटमागची अर्थिंगची तार जमिनीत जाते का ते पाहा. ती जात असल्याशिवाय कुणाच्याही हातात माईक देऊ नका.